मधल्या काळात कोणी येऊन गेलं का

सर, तुमच्या तेरवीचं जेवून काल अकोल्याहून परत आले. वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं आणि बुंदी आदल्या दिवशीची असावी. हे तुम्हाला सांगायला हवं, कारण जेवणाचं खोटं कौतुक तुम्हाला कधी खपलं नाही. मांडवात तुमचा फोटो लावला होता, तो कुठल्याशा लग्नातला. फेटा तेवढा कापून टाकला होता, त्यामुळे तुमचं कपाळ अर्धंच उरलं होतं. एक गृहस्थ माईकवरून सांगत होते की डॉक्टरसाहेबांनी परदेशात हजारो जीव वाचवले. तुम्ही असतात तर तिथेच उठून विचारलं असतंत, हजारो म्हणजे किती आणि मोजले कोणी?

मोजणाऱ्यांत मी होते. म्हणून आज राजापेठेतल्या या खोलीत, खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट चाललेला असताना, हे लिहायला बसले आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला मला नऊ वर्षं मिळाली आणि मी ती सगळी वाया घालवली.

तुम्ही नेमकं काय करता हे लोकांना कधी कळलं नाही. दवाखाना नाही, पाटी नाही, तपासायची खुर्ची नाही. तुमच्या शेजारच्या काकांना तर तुम्ही टँकरचा धंदा करता असंच वाटायचं. उन्हाळ्यात कूलरसमोर बनियनवर बसून तुम्ही फोनवर ओरडायचात, "टँकर किती आले? माणशी पानी किती पडून राहिलं ते सांग!" तिकडे फोनवर युद्धातून आणि दुष्काळातून पळालेल्या माणसांच्या छावणीतला कोणी तरणा डॉक्टर असायचा. इकडे तुमच्याच घरचा नळ पाच पाच दिवस कोरडा. एके दिवशी ते काका घरात येऊन हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एखादा टँकर आपल्या गल्लीतबी वळवा ना." तुम्ही हसला नाहीत. महापालिकेत जाऊन दोन तास उभे राहिलात आणि खरंच एक टँकर घेऊन आलात.

माझ्या बाबांकडे तुम्ही आलात तो दिवसही मला असाच लख्ख आठवतो. मी नर्स, लग्न मोडून माहेरी अचलपूरला परत आलेली, आणि तुम्हाला मला घेऊन जायचं होतं जिथे गोळ्या चालतात तिथे. एसटीने आलात, ओसरीवर बसलात. बाबांनी सरळच विचारलं, "तिथं गोळ्या चालतात म्हणे?"

"चालतात," तुम्ही म्हणालात. "पोरीले मी पुढं उभी करणार नाही. पन चालतच नाहीत, असं खोटं कसं सांगू?"

 बाबांनी आत वळून चहा सांगितला. आमच्या घरी मोठ्या निर्णयाला होकार असाच मिळायचा. दुसरा कोणी आला असता तर त्याने बाबांना धीर दिला असता, आणि मी आजही अचलपूरलाच असते. माझं जे काही बरं झालं ते तुमच्या त्या एका खऱ्या वाक्यामुळे झालं. म्हणूनच पुढचं सांगताना माझी मान वर होत नाही.

ती छावणी तुम्ही विसरला नसाल. देशाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून आपल्या ओळखीची माणसं काम करत आहेत. तीन वर्षं पाऊस नव्हता आणि वरून दोन सशस्त्र गटांची मारामारी. लोक चालत चालत एका कोरड्या नदीच्या काठाला येऊन बसले होते. काड्यांवर चिंध्या टाकलेले तंबू, नजर जाईल तिथपर्यंत. आपलं काम होतं मोजायचं. किती माणसं मरत आहेत हे कागदावर आल्याशिवाय गोवराच्या लशी, सलाईन, डॉक्टरांची तुकडी काहीच येत नाही. मृत्यूंचा आकडा एका ठरलेल्या रेषेच्या वर गेला की आणीबाणी, खाली राहिला की थांबा. साठा एक आणि मागणाऱ्या छावण्या तीन.

तुमची पद्धत साधी होती. दिवस-तारखा कोणाला सांगता येत नाहीत, म्हणून तुम्ही ईदेपासून सुरुवात करायचात. ईदेच्या दिवशी या घरात कोण कोण होतं? आज कोण कोण आहे? जे नाहीत ते कुठे गेले? आणि सगळ्यात शेवटी तुमचा तो प्रश्न. तो छापील नमुन्यात नव्हता, तुम्ही हाताने लिहून घालायचात: मधल्या काळात कोणी येऊन गेलं का? ईदेनंतर जन्मलेलं आणि आजच्या आत गेलेलं तान्हं दोन्ही यादीत सापडत नाही. ते ईदेला नव्हतं आणि आजही नाही. कोणी विचारलं तरच ते कागदावर येतं.

तंबूतंबूत जाऊन हे प्रश्न विचारणाऱ्या तिथल्या मुलींना ज्या दिवशी शिकवायचं होतं, त्याच दिवशी तुम्हाला रस्त्याच्या परवानगीसाठी बंदूकवाल्यांकडे जाऊन बसावं लागलं. जीपमध्ये चढताना तुम्ही वळून म्हणालात, "शेवटला प्रश्न सोडू नको वं मंदा. विचाराले जड जाते म्हनून पोरी तोच सोडतात."

मी सोडला, सर.

सरावासाठी आम्ही एका तंबूत गेलो होतो. आमच्यातल्या एका मुलीने तो प्रश्न विचारला आणि समोरच्या बाईने पदर तोंडावर ओढून पाठ फिरवली. ती मुलगी रडत बाहेर आली. वय असेल अठरा-एकोणीस. मी तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं की हा प्रश्न राहू द्या. बाई आपणहून बोलली तर लिहा, नाही तर उठा. मला वाटलं मी शहाणपणाने वागले. आपल्याकडेही असंच असतं ना! बारशाआधी लेकरू गेलं तर शेजारणी येतात, बसतात, कपाशीला किती बोंडं लागली ते बोलतात आणि उठून जातात. त्या लेकराचा विषय कोणी काढत नाही. पुरुष माणसं त्याला कापडात गुंडाळून घेऊन जातात, आणि कोणी त्या बाईला मुलं किती म्हणून विचारलं तर ती त्याला सोडून आकडा सांगते. तिला कोणी दुरुस्त करत नाही. लहानपणापासून मी ही रीत बघत आले होते आणि तिला माणुसकी समजत होते. कोणी गोरी बाई असती तर तिने हातातला कागद बघून निमूटपणे पुढचा प्रश्न विचारला असता. मी मात्र वऱ्हाडातली समजूतदार बाई.

त्यातल्या एका तंबूची तपासणी मी स्वतः केली. आत एक बाई बसली होती, बाजूला दोन मुलं. मुलीने विचारलं, बाईने उत्तरं दिली, सगळं जुळलं. ईदेला चौघे, आज चौघे, नवरा पाणी आणायला गेलेला. आणि त्या बाईची चोळी छातीवर ओली झाली होती. दोन्ही बाजूंनी. तंबूत अंगावर पिणारं मूल नव्हतं. मी नर्स आहे सर, मला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी वाकून तिला खुणेनं दाखवलं, कापड घट्ट बांध, दूध आटेल. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कशी सांगू? मग मी बाहेर आले आणि नमुन्यावर 'तपासले, पूर्ण' असं लिहून सही केली.

आकडा रेषेच्या जरासा खाली आला.

त्या पत्र्याच्या शेडमध्ये आपलं जे भांडण झालं ते मी मनात किती वेळा भांडले असेन! मी म्हणत होते, सर, थोडा वर ओढा, डोळ्यांनी दिसतंय आपल्याला, लोक मरताहेत. तुम्ही घाम पुसत म्हणालात, "मलेबी दिसते. मी काय आंधळा हाय? पन आज एक आकडा ओढला तं उद्या आपला खरा आकडाबी कोनी मानणार नाही." मी तुम्हाला दगड म्हणाले. कागदाचे गुलाम म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत. मग चष्मा काढून अगदी शांतपणे विचारलंत, "शेवटला प्रश्न विचारला ना सगळ्यायनं?"

"हो सर."

"सगळ्या तंबूत?"

"हो."

एवढंच. मी तुम्हाला खोटा आकडा लिहा म्हणून भांडत होते आणि खरा आकडा माझ्याच जिभेवर होता. तो बोलले असते तर सगळी पाहणी पुन्हा करावी लागली असती, आणखी दहा दिवस गेले असते, रस्ता बंद झाला असता, मला कदाचित घरी पाठवलं असतं. यातलं कुठलं कारण खरं होतं ते मला आजही ठरवता येत नाही. घाबरले होते एवढं नक्की. तुमच्या नजरेतून उतरायची मला बंदुकीपेक्षा जास्त भीती वाटत होती.

साठा दुसऱ्या छावणीला गेला. त्या छावणीचा आकडा रेषेच्या वर होता, त्यामुळे कागदोपत्री कोणाचं काही चुकलं नाही. सात आठवड्यांनी दुसरी तुकडी आली. त्यांनी घरं विचारलीच नाहीत, नदीच्या पात्रात जाऊन मातीचे ढीग मोजले. त्यात हातभर लांबीचे ढीग जास्त होते. तुमचा अहवाल चुकीचा ठरला. खुलासा मागवला गेला तेव्हा तुम्ही एकच ओळ सांगितलीत: पाहणीतली चूक सल्लागाराची आहे. सल्लागार म्हणजे तुम्ही, आणि ती ओळ मी टाइप केली. माझ्या या हातांनी.

त्यानंतर तुम्ही तिकडे कधी गेला नाहीत. गुडघे कुरकुरतात असं सांगायचात. फोनवरचा सल्ला मात्र चालू होता, आणि तो ऐकणारे सांगायचे की सर आता एकच गोष्ट दहादा विचारतात. नांदगाव पेठच्या पुढे पूर्वी एकदा तुमची स्कूटर घसरली तेव्हा पायाच्या हाडाचे दोन तुकडे झाले तरी तुम्ही हसत होतात. यावेळी मात्र आतून काहीतरी मोडलं होतं आणि तुम्ही ते कोणाला दाखवत नव्हतात.

मी दर महिन्या-दीड महिन्याला अकोल्याला यायचे. सकाळची गाडी, मूर्तिजापूरला चहा, अकरापर्यंत तुमच्या घरी. तुमच्या पत्नीला मी काकू म्हणते; त्या जवसाची चटणी आणि भाकरी वाढायच्या. जेवण झालं की तुम्ही कपाटावरची लोखंडी पेटी खाली उतरवायला सांगायचात. तिच्यात त्या पाहणीचे सगळे नमुने होते, एकूण एक. तुम्ही ते पलंगावर पसरून बसायचात. तंबू निवडण्यात चूक झाली का? नदीकडची बाजू सुटली का? बेरीज चुकली का? कित्येकदा मी म्हणाले, सर, जाऊ द्या आता. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "मंदा, लेकरं कुठं हरवले ते मले समजत नाही." मी समोर बसून ताक प्यायचे. तुम्ही माझं खोटं शोधत होतात आणि मी तुम्हाला कागद हातात देत होते. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

शेवटच्या खेपेला तर कहर झाला. तुम्ही माझ्या सह्यांचा गठ्ठा बाजूला काढलात आणि न उघडता पेटीत ठेवून दिलात. "तुह्या तंबूवर मले शंका नाही," म्हणालात. त्या दिवशी सांगणार होते. खरंच सांगणार होते. काकूंनी बाहेरून हाक मारली, रिक्षा आली होती. आणि मला बरं वाटलं, सर. हाक आली म्हणून सुटल्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांनी तुम्ही दुपारी झोपलात ते उठलाच नाहीत.

काल पंगती उठल्यावर मागच्या अंगणात बायका भांडी घासत होत्या. काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पेटी खाली काढून ठेवलेली होती. "हे घेऊन जा," म्हणाल्या. "पोरं रद्दीत घालतीन. तुह्याच कामाचं हाय."

मी पेटीला हात लावू शकले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मुलींना काय शिकवलं ते, ओल्या चोळीची बाई, शेडमधलं दोनदा म्हटलेलं 'हो', टाइप केलेली ओळ. वाटलं होतं त्या चिडतील. हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं, निदान कोणीतरी मला माझ्या जागी ठेवलं असतं. काकू पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "प्रश्न काय होता म्हनलीस?"

मी सांगितला. इतकी वर्षं मी तो परक्या भाषेतच ऐकला होता, दुभाष्यांच्या तोंडून. मराठीत मोठ्याने म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. मधल्या काळात कोणी येऊन गेलं का?

काकूंचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले.

"हे त्यायनं लिवलं होतं?"

"हो काकू. त्यांचाच प्रश्न तो. कुठल्याही देशात गेलो तरी ते हाताने लिहायचे."

"तिकडच्या बायायले विचारत होते?"

"हो."

"मले तं कधी नाही विचारला," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. दोन मुलांच्या आधी एक मुलगी झाली होती. पाचवी पुजून झाली होती, बारशाचं सामान आणायचं होतं. नवव्या दिवशी सकाळी ती पिवळी पडली आणि दुपारच्या आत गेली. तुम्ही नवीन डॉक्टर, घरात असून काही करू शकला नाहीत. काकूंच्या जुन्या लुगड्यात तिला गुंडाळून एकटेच घेऊन गेलात. चुलत्यांना सोबत येऊ दिलं नाहीत. परत आलात तेव्हा कोपरापर्यंत माती होती. नळावर हात धुतलेत, चहा मागितलात आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलात.

"मी दोनदा विचारलं, कुठं ठेवली म्हनून," काकू म्हणाल्या. "पह्यल्यांदा उठून गेले. दुसऱ्यांदा म्हने, काहून विचारते? मंग मी नाही विचारलं. वाटलं, म्हातारपनी सांगतीन." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "मंदा, तू त्यायच्यासंगं इतकी फिरली. तिकडं तुमी गेलेले लेकरंच मोजत होता. कधी बोलण्यात आलं असन. मोर्णा नदीच्या काठानं गेले होते का? का वावराकडं?"

सर, मला सांगता आलं असतं. मोर्णेच्या काठाला, बाभळीखाली, असं काहीतरी. काकू उद्या सकाळी तिथे गेल्या असत्या, हळद-कुंकू टाकून आल्या असत्या, आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. तोंडात शब्द आला होता.

"माहीत नाही, काकू," मी म्हणाले. "सर माझ्याशी यावर कधीच बोलले नाहीत."

त्यांनी मान हलवली. बाहेर कोणीतरी पातेलं आपटलं. मला तुमचा इतका राग आला की पेटीला लाथ मारावीशी वाटली. जगभरच्या बायकांना विचारत फिरलात आणि जी एक बाई तुमच्या पानात भाकरी वाढत होती तिला तिच्या लेकीची जागा सांगितली नाहीत. माझं खोटं मोठं की तुमचं गप्प राहणं, हे भांडण आता तुमच्याशी करता येणार नाही.

मी उठून जाऊ शकले असते. आमच्याकडच्या बायका अशा वेळी उठूनच जातात. मी खाली बसले, काकूंच्या पायाशी, आणि विचारलं, "नाव काय ठेवणार होतात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटतं त्या आधी हे बघत होत्या की मी खरंच विचारते आहे का.

"वैशाली," म्हणाल्या. "मी मनात ठरवून ठेवलं होतं. बारशालेच सांगणार होती सगळ्यायले. मंग कोनाले सांगू? त्यायलेबी नाही सांगतलं."

सर, तुमच्या मुलीचं नाव वैशाली होतं.